भोकं पाडणारे हात

पुणे

चि. सानिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की तुमच्या प्रकल्पाच्या वेळापत्रकात विश्लेषणाला सहा आठवडे ठेवलेत आणि गावोगावचे भरलेले फॉर्म संगणकात चढवायला फक्त एक. 'ते काय, नुसती डेटा एन्ट्री' असं बैठकीत कुणी म्हणालं आणि पुढचा विषय निघाला. तेव्हा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून आता सविस्तर लिहिते. या 'नुसत्या' कामात जगातल्या भल्या भल्या जनगणना अडकल्या आहेत, आणि त्यातून वाट काढायला जी यंत्रं झाली त्यांतली प्रत्येक गोष्ट तुझ्या कामाची आहे.

आधी एक हिशोब बघ. १८९०च्या जनगणनेसाठी कोणती पद्धत घ्यायची हे ठरवायला अमेरिकेत १८८९ साली तीन पद्धतींची चाचणी घेतली. सेंट लुईस शहरातले चार मोजणी-विभाग, माणसं १०,४९१. पहिली पद्धत हंट यांची. प्रत्येक माणसाची माहिती रंगीत शाईनं चिठ्ठीवर उतरवायची आणि चिठ्ठ्या हातानं लावायच्या. दुसरी पिजिन यांची, तिच्यात रंगीत कार्डांचे तुकडे. तिसरी हर्मन हॉलरिथ यांची, भोकं पाडलेली कार्डं आणि विजेवर मोजणारं यंत्र. माहिती उतरवायला हॉलरिथला लागले ७२ तास २७ मिनिटं, पिजिनला ११० तास ५६ मिनिटं, हंटला १४४ तास २५ मिनिटं. उतरवलेल्या माहितीची मोजणी करायला हॉलरिथला ५ तास २८ मिनिटं, पिजिनला ४४ तास ४१ मिनिटं, हंटला ५५ तास २२ मिनिटं.

हे आकडे पुस्तकांत सापडतात, आणि सगळे मोजणीच्या रकान्याकडे बोट दाखवतात: बघा, यंत्रानं दहापट वेगात केलं. बरोबर आहे. पण तू दोन्ही रकान्यांची बेरीज कर. हंटच्या पद्धतीत एकूण सुमारे २०० तास, त्यातले १४४ उतरवण्यात, म्हणजे ७२ टक्के. हॉलरिथच्या पद्धतीत एकूण सुमारे ७८ तास, त्यातले ७२ तास भोकं पाडण्यात, म्हणजे ९३ टक्के. मोजणी जितकी वेगवान झाली तितकं उरलेलं सगळं ओझं कागद वाचून कार्ड बनवणाऱ्या माणसाच्या हातावर आलं. तुमच्या वेळापत्रकात सहा आणि एक हे प्रमाण कुठून आलं ते मला माहीत नाही, पण १८८९ पासून ते उलटं आहे.

हॉलरिथ स्वतः १८८०च्या जनगणनेत काम करून आले होते. पाच कोटी माणसांची ती जनगणना. माहितीच्या याद्यांवरून मोठ्या तक्त्यांत एकेक फराटा मारायचा, मग फराटे मोजायचे. आणि वयाचा व्यवसायाशी ताळा घालायचा झाला की पुन्हा त्याच याद्या पहिल्यापासून उलटायच्या. तिचे शेवटचे खंड बाहेर पडेपर्यंत पुढची जनगणना दारात येऊन ठेपली. या फराट्यांना थोडी मदत म्हणून चार्ल्स सीटन या मुख्य कारकुनानं १८७२च्या सुमारास लाकडी पेटीत रुळांवरून कागदाची लांब गुंडाळी फिरवणारं एक साधन केलं होतं. कागद रुळांवरून वरखाली जाताना लांबलांबचे रकाने शेजारी शेजारी येत, त्यामुळे कारकुनाचा हात कमी फिरे आणि ओळ चुकत नसे. हिशोब ते काहीच करत नव्हतं. फक्त हाताचं अंतर कमी करायचं. मला ते साधन फार शहाणपणाचं वाटतं, कारण दुखणं कुठे आहे ते त्या माणसाला नेमकं दिसलं होतं.

हॉलरिथनी १८८४ साली पहिला पेटंट अर्ज केला तो कार्डांचा नव्हता. कागदाची लांब पट्टी, तिच्यावर आडव्या ओळीत एका माणसाची भोकं, पुढच्या ओळीत पुढच्या माणसाची. पट्टी धातूच्या पिंपावरून सरकवायची आणि भोक आलं की वीज वाहायची. हे चाललं असतं, पण पट्टीत दोन अडचणी. एका माणसाची नोंद चुकली तर ती काढून दुसरी घालता येत नाही. आणि फक्त चिनी लोकांची मोजणी हवी असली तरी सगळी पट्टी यंत्रातून न्यावी लागते, कारण नोंदी वेगळ्या काढून लावता येत नाहीत. एका माणसाला एक सुटं कार्ड दिलं की दोन्ही अडचणी सुटतात. आज तुम्ही एका ओळीत एक नोंद ठेवता आणि हवी तशी क्रमवारी लावता, ते त्या सुट्या कार्डाचंच वंशज.

भोकं पाडायची कल्पना त्यांना आगगाडीत सुचली. तिकीट दुसऱ्यानं वापरू नये म्हणून त्या काळी कंडक्टर तिकिटावर प्रवाशाचं वर्णन भोकांनी नोंदवत असे: केस फिके, डोळे काळे, नाक मोठं. हॉलरिथनी हे पाहिलं होतं. म्हणून १८८६ साली बाल्टिमोर शहराच्या मृत्युनोंदींवर पहिला प्रयोग केला तो कंडक्टरच्या चिमट्यानंच. चिमट्याचा जबडा आखूड, त्यामुळे भोकं फक्त कार्डाच्या कडेनं पाडता येत. मधली सगळी जागा वाया. आणि चिमटा प्रत्येक भोकाला मुठीनं दाबावा लागतो. दिवसभर शेकडो कार्डांवर हे केलं की मनगटापासून खांद्यापर्यंत हात भरून येतो. यंत्र तयार, वीज तयार, आणि काम कुठे अडलं तर मुठीच्या स्नायूंत.

यातून पँटोग्राफ पंच आला, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण जनगणनेच्या डेटा एन्ट्रीसाठी मुद्दाम बनवलेलं आणि कोट्यवधी नोंदींवर टिकलेलं हे पहिलं साधन.

डोळ्यांपुढे आण. टेबलावर लोखंडी चौकट. मागच्या बाजूला कार्ड बसवायची जागा. कार्ड ३¼ इंच उंच, ६⅝ इंच लांब, एक कोपरा कापलेला, म्हणजे गठ्ठ्यात एखादं उलटं गेलं तर कडेवर हात फिरवताच कळतं. कार्डावर काही छापलेलं नाही, कोरं. पुढच्या बाजूला किंचित वळणदार मोठी पाटी. तिच्यावर छिद्रांच्या रांगा आणि प्रत्येक छिद्राशी एक खूण: लिंगाची अक्षरं, वर्णाची, वयाची, जन्मदेशाची. दोन्हींच्या मध्ये एक दांडा. त्याच्या पुढच्या टोकाला मूठ आणि खाली टोकदार खिळी, मागच्या टोकाला पोलादी पंच. कारकुनानं यादीतला शब्द वाचायचा, मूठ त्या खुणेच्या छिद्रावर नेऊन खाली दाबायची, की मागे कार्डावर नेमक्या जागी भोक पडतं. पाटी कार्डापेक्षा मोठी, म्हणून हाताची चूक कार्डावर लहान होऊन उतरते, आणि खिळी छिद्रात बसल्याशिवाय पंच खाली जातच नाही. दोन खुणांच्या मध्येच कुठेतरी भोक पडलं असं होऊ शकत नाही. ताकद दांड्यातून येते, त्यामुळे मूठ आवळावी लागत नाही.

कार्डावर २४ उभे स्तंभ आणि १२ आडव्या ओळी, म्हणजे २८८ जागा. त्यातल्या एका टोकाच्या चार स्तंभांतल्या ४८ जागा मोजणी-विभागाच्या संकेतासाठी. एका विभागाच्या सगळ्या माणसांना हा संकेत तोच, मग तो प्रत्येक कार्डावर वेगळा का पाडायचा? त्यासाठी गँग पंच नावाचं वेगळं साधन होतं. त्यात त्या विभागाचे पंच एकदा बसवायचे आणि पाच-सहा कार्डं एकावर एक ठेवून एका दाबात सगळ्यांना भोकं पाडायची. पँटोग्राफच्या पाटीवर उरल्या २० स्तंभांच्या २४० जागा. सगळ्या नोंदींत समान असलेली माहिती एकदाच भरायची, ही सवय तुमच्या प्रत्येक फॉर्ममध्ये आजही हवी. गावाचं नाव तुम्ही दर फॉर्मला टंकता का ते बघ.

वयाचं त्यांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. ०, ५, १०, १५ असे पाच-पाच वर्षांचे गट आणि त्या गटातलं कितवं वर्ष ते ० ते ४. २७ वर्षांच्या माणसाला दोन भोकं, एक २५ वर आणि एक २ वर. शंभर वयांना शंभर छिद्रं ठेवली असती तर पाटी मावली नसती. दशक आणि एकक असं तोडलं असतं तर पाच-पाच वर्षांचे गट लावायला प्रत्येक वेळी दोन स्तंभ जोडून बघावे लागले असते. जनगणनेचे तक्ते पाच-पाच वर्षांच्या गटांत छापायचे होते, म्हणून संकेतही तसाच केला. माहिती कशी भरायची हे ठरवताना ती शेवटी कोणत्या तक्त्यात जाणार हे आधी बघितलं होतं.

आता या कामाचा आवाका. एक कारकून दिवसाला सरासरी सुमारे ५०० कार्डं पाडे. १८९०ची लोकसंख्या आली सव्वासहा कोटींच्या वर. भागाकार कर: सव्वा लाख माणूस-दिवस, फक्त भोकं पाडायला. या कामावर बायका मोठ्या संख्येनं होत्या. मोजणी-यंत्राच्या तबकड्यांची चित्रं सगळीकडे छापली गेली, पण त्या यंत्राला रोजचा चारा या बायका घालत होत्या.

याच जनगणनेत कार्डाशिवायही एक एन्ट्री-यंत्र चाललं, आणि त्याची कथा कमी लोकांना माहीत असते. एकूण लोकसंख्येचा आकडा सरकारला लवकर हवा होता. भोकं पाडून होईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. १८९० साली प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र पत्रक होतं. तेव्हा हॉलरिथनी टंकयंत्रासारखा कळफलक केला, १ ते २० आकड्यांच्या कळांचा. पत्रक उलटायचं, कुटुंबात सहा माणसं असली तर ६ची कळ दाबायची, पुढचं पत्रक. प्रत्येक कळेच्या मागे विजेचा एक मोजणी-काटा. शेवटी ६च्या कळेचा आकडा गुणिले ६, ७च्या कळेचा गुणिले ७, असं करून बेरीज. आणि सगळ्या कळा मिळून किती वेळा दाबल्या तो आकडा म्हणजे कुटुंबांची संख्या. पत्रकांच्या संख्येशी तो जुळला नाही तर एखादं पत्रक सुटलंय किंवा दोनदा मोजलं गेलंय. पडताळ्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, कामातूनच तो निघतो. सगळी पत्रकं दोनदा, वेगवेगळ्या हातांनी मोजली, तरी कच्ची मोजणी सहा आठवड्यांत संपली. जाहीर झालेला आकडा ६,२६,२२,२५०. देशाला याहून मोठ्या आकड्याची अपेक्षा होती, त्यामुळे वर्तमानपत्रांनी यंत्रावरच राग काढला.

मोजणी-यंत्राबद्दल थोडक्यात सांगते. कार्ड एका दाबयंत्रात ठेवायचं आणि दांडा खाली ओढायचा. वरच्या फळीत स्प्रिंगच्या खिळ्या. जिथे भोक आहे तिथली खिळी आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडते आणि विजेचा मार्ग पुरा होतो. जिथे भोक नाही तिथली कागदाला अडून वर सरकते. समोर ४० तबकड्या, प्रत्येकीवर दोन काटे, ९,९९९ पर्यंत मोजणाऱ्या. शेजारी कप्प्यांची पेटी. जोडणीप्रमाणे एका कप्प्याचं झाकण आपोआप उघडायचं, कार्ड त्यात टाकून हातानं झाकण लावायचं.

तुझ्या उपयोगाची गोष्ट पुढेच आहे. कार्ड नीट वाचलं गेलं तर घंटी वाजे. तारांची जोडणी अशी ठेवता येई की लिंग, वर्ण, वय या सगळ्या जागी भोक असल्याशिवाय मार्ग पुरा होऊ नये. भोक राहून गेलं तर घंटी गप्प, कार्ड बाजूला. म्हणजे एन्ट्रीची चूक मोजणीत मिसळायच्या आधीच हाताला लागे. दुसरा पडताळा त्याहून साधा: वेगळ्या लावलेल्या कार्डांचा गठ्ठा सारखा करून त्या जागेच्या भोकातून तार घालायची. सगळी कार्डं खरोखर 'स्त्री' गटातली असली तर तार आरपार जाते. मध्ये एक जरी चुकीचं घुसलं असेल तर अडते. गठ्ठाभर कार्डं क्षणात तपासली जातात. तुमच्याकडे तारेच्या जागी एक छोटी क्वेरी आहे, पण ती रोज संध्याकाळी चालवायला हवी.

बिघाड कशानं व्हायचे? पारा हे त्यातलं मोठं कारण. वाटीत तो कमी झाला की खिळी पोचत नाही, आणि एक तबकडी मुकाट्यानं मागे राहते. असं सांगतात की कारकून मंडळींना विश्रांती हवी असली की कुणीतरी औषधाच्या ड्रॉपरनं एका वाटीतला पारा ओढून पिकदाणीत सोडी, मग दुरुस्ती करणारा येईपर्यंत काम थांबे. मला यात त्या लोकांची लबाडी कमी दिसते आणि एकसुरी कामाचा थकवा जास्त. तुमच्या एन्ट्री करणाऱ्या मुलींना दर तासाला उठायची मुभा आहे ना, तेवढं विचार.

पुढच्या वीस वर्षांत हाताच्या कामात दोन सुधारणा झाल्या. १९००च्या शेती-गणनेत पँटोग्राफ कमी पडला, कारण तिथे 'स्त्री की पुरुष' असे ठरलेले पर्याय नव्हते, एकर आणि उत्पादनाचे आकडे होते. म्हणून ० ते ९ अंकांचे स्तंभ असलेलं कार्ड आणि १२ कळांचा कळ-पंच आला. कळा इतक्या थोड्या की एका हातानं न बघता दाबता येतात, दुसरा हात कागद उलटायला मोकळा आणि डोळे कागदावर. बँकेतली माणसं आजही अंकांची वेगळी कळपट्टी याच पद्धतीनं चालवतात.

मग भाड्यावरून हॉलरिथ आणि जनगणना कार्यालय यांचं बिनसलं. कार्यालयानं स्वतःची कार्यशाळा उघडली आणि जेम्स पॉवर्स या यंत्रज्ञाला आणलं. १९१०च्या जनगणनेसाठी त्यांनी केलेल्या पंचाला २४० कळा होत्या, पँटोग्राफच्या २४० जागांना एकेक. कळ दाबली की ती नुसती खाली बसे, भोक पडत नसे. माणसाची सगळी माहिती बसवून झाली, नजर टाकली, चुकलेली कळ उचलली, आणि मग एक पट्टी दाबली की सगळी भोकं एकदम. अशी ३०० यंत्रं घेतली गेली. पँटोग्राफवर चुकलेलं भोक बुजवता येत नसे, कार्डच फेकून पहिल्यापासून करावं लागे. पॉवर्सनी चूक आणि तिची पक्की नोंद यांच्यामध्ये एक क्षण ठेवला. तुमच्या स्क्रीनवरचं 'सेव्ह' बटण तेच काम करतं. ते प्रत्येक रकान्यानंतर आपोआप होऊ देऊ नकोस.

यानंतर तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा किस्सा. १९५०च्या अमेरिकन जनगणनेत १४ वर्षांचे विधुर मुलगे बरेच निघाले, आणि तिथल्या मूळ रहिवाशांत १० ते १४ आणि २० ते २४ या वयांचे पुरुष अवाच्या सवा. अन्स्ली कोल आणि फ्रेडरिक स्टीफन यांनी १९६२ साली त्याचा छडा लावला. थोड्या कार्डांवर काही माहिती एक स्तंभ उजवीकडे सरकून पडली होती. मग काय होतं बघ. लिंगाचा संकेत वयाच्या दशकाच्या जागी जातो: पुरुषाचा १ असेल तर माणूस दहा-बारा वर्षांचा, स्त्रीचा २ असेल तर विशीतला. खऱ्या वयाचं दशक एककाच्या जागी जातं, म्हणून चाळिशीतला माणूस १४चा होतो. वर्णाचा संकेत लिंगाच्या जागी गेल्यामुळे बायकाही पुरुष होतात. वयाचा एकक वैवाहिक स्थितीच्या जागी जातो आणि १४ वर्षांचा विधुर जन्माला येतो. प्रत्येक कार्ड एकेकटं बघितलं तर वैध: सगळे स्तंभ भरलेले, सगळे अंक चालणारे. हॉलरिथची घंटी इथे खुशाल वाजली असती.

आणि चूक अगदी थोड्या कार्डांवर होती. कोट्यवधी मध्यमवयीन गोऱ्या माणसांतून काही हजार कमी झाले तर तिथे कुणाला कळणार नाही, पण ते ज्या विरळ रकान्यात पडले तिथे आकडा फुगून दिसला. म्हणून तुझे आकडे आले की मोठे रकाने राहू दे, आधी सर्वांत छोटे रकाने वाच. दहा वर्षांची विवाहिता, शंभरीतला शाळकरी, शून्य माणसांचं घर. चुकीचं वळण तिथेच पहिल्यांदा दिसतं.

कार्डांवरच्या चुका कमी करायला जगभर एकच खात्रीची पद्धत रुळली होती: दुसऱ्या माणसानं तोच कागद बघून पुन्हा कळा दाबायच्या. पडताळणी-यंत्रात भोक पडत नसे. दाबलेली कळ आणि असलेलं भोक जुळलं नाही तर यंत्र अडे. जुळलेल्या कार्डाच्या उजव्या कडेला बारीक खाच, तीनदा न जुळलेल्या स्तंभाच्या माथ्यावर वेगळी खाच. खर्च दुप्पट होतो, म्हणून बहुतेक ठिकाणी महत्त्वाच्या स्तंभांवरच करत.

१९५१ साली युनिव्हॅक संगणक जनगणना कार्यालयाला मिळाला तेव्हाही १९५०ची माहिती कार्डांवरूनच चुंबकीय फितीवर चढली. संगणक होता, आणि त्याच्या दाराशी पुन्हा भोकं पाडणारे हात. त्या हातांना बाजूला काढलं १९६०च्या फॉस्डिक या यंत्रानं. जनगणना कार्यालय आणि तिथला राष्ट्रीय मानक विभाग यांनी मिळून ते केलं. फॉर्मवर उत्तरांच्या जागी लहान वर्तुळं. गणकानं, म्हणजे घरोघर माहिती घेणाऱ्यानं, हवं ते वर्तुळ पेन्सिलीनं काळं करायचं. मग सगळ्या फॉर्मांची मायक्रोफिल्म. निगेटिव्हवर काळी खूण पारदर्शक होते, म्हणजे प्रकाशाचा बारीक ठिपका फिल्मवरून फिरवला की जिथे वर्तुळ भरलंय तिथून प्रकाश पलीकडे जातो. पलीकडचा प्रकाशग्राही ते टिपतो आणि नोंद थेट फितीवर. फिल्म थोडी तिरकी किंवा आकसलेली असली तरी चालावं म्हणून फॉर्मवर ठरावीक जागी काळ्या चौकोनी खुणा छापलेल्या असत. यंत्र आधी त्या शोधी, मग त्यांच्यापासून अंतर मोजून वर्तुळं गाठी. तुमच्या स्कॅन केलेल्या फॉर्मच्या चारही कोपऱ्यांवर काळे चौकोन आहेत का? नसतील तर पुढच्या छपाईत घालून घे. कागद दोन अंशांनी फिरला की त्यांच्याशिवाय शेवटच्या ओळी हुकतात.

फॉस्डिकची दुखणी वेगळी. अर्धवट खोडलेली खूण, वर्तुळाबाहेर गेलेली, फिकी पेन्सिल. किती काळं म्हणजे 'भरलेलं' याचा उंबरठा खाली ठेवला तर डागही उत्तर होतात, वर ठेवला तर फिकी उत्तरं गळतात. आणि श्रम कुठे गेले ते बघ: कार्यालयातल्या टेबलावरून उठले आणि गणकाच्या पेन्सिलीत गेले. १९७०ला बऱ्याच घरांना फॉर्म टपालानं जाऊन भरून टपालानंच परत येऊ लागले, तेव्हा ते श्रम नागरिकाच्या हातात गेले. वर्तुळ नीट भरायचं काम आता ज्याला कुणीही शिकवलेलं नाही त्याच्याकडे.

आपल्याकडे रस्ता वेगळा होता. १९०१च्या जनगणनेत चिठ्ठीची पद्धत आली. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी, धर्माप्रमाणे कागदाचा रंग वेगळा, आणि लाकडी कप्प्यांत वर्गवारी. मुंबई इलाख्यातही हेच. १८८९च्या चाचणीत हरलेल्या हंटच्या पद्धतीची ही जवळची बहीण. मला ती आपल्या परिस्थितीत चुकीची वाटत नाही: लिहिणारे हात स्वस्त होते, यंत्र परदेशी भाड्याचं. चिठ्ठ्या अनेक दशकं चालल्या. मोठी उडी २००१ची. तेव्हा पत्रकं स्कॅन करून हस्ताक्षरातले अंक यंत्रानं वाचायची आयसीआर पद्धत आली, आणि पहिल्यांदा नमुना न घेता देशातल्या सगळ्यांची माहिती संगणकात गेली. अनेक लिप्यांच्या देशात यंत्रानं मजकूर वाचणं अवघड, म्हणून पत्रकं अशी आखली की शक्य तिथे उत्तर संकेतांकात आणि आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहायचं. इथेही श्रम सरकलेच. प्रगणक शिक्षिकेला अंक चौकटीच्या रेघेला न लावता लिहायचे, पत्रकाला घडी घालायची नाही, पाणी लागू द्यायचं नाही, हे सगळं पाळायचं होतं, कुणाच्या तरी ओसरीवर उभं राहून.

आता तुझं काम. वेळापत्रकावर वाद घालण्याआधी भरलेले १०० फॉर्म घे, वेगवेगळ्या गावांचे आणि वेगवेगळ्या गणकांचे. दोघींना ते स्वतंत्रपणे भरायला सांग आणि प्रत्येक फॉर्मला किती सेकंद लागले ते लिहून ठेव. १८८९च्या चाचणीत एका माणसाच्या कार्डाला सरासरी २५ सेकंद पडले होते; तुमचा फॉर्म मोठा, तेव्हा तुमचा आकडा त्याहून बराच जास्त येईल. मग दोघींच्या नोंदी रकान्यानुसार जुळवून बघ. जो रकाना सर्वांत जास्त वेळा जुळत नाही तो बहुतेक फॉर्ममध्येच वाईट आखलेला असतो, दोष मुलींचा नसतो. तेवढा रकाना बदल आणि पुन्हा १०० कर. हे दोन तक्ते बैठकीत ठेवलेस की जास्त बोलावं लागणार नाही.

आणि तुमच्या फॉर्मची एक कोरी आणि एक भरलेली प्रत मला पाठव. भरलेल्या प्रतीवरचं नाव-गाव झाकून पाठव. वयाचा रकाना कसा केलाय ते मला बघायचंय.

तुझी,
आई

ता. क. जन्मतारीख आणि वय दोन्ही विचारलं असेल तर दोन्ही भरून घ्या, एकातून दुसरं यंत्राला काढू देऊ नका. जुळत नाहीत तिथेच चूक सापडते.